जमनीच्या हंड्याला हात

दिग्रसच्या बसस्टँडवर असं म्हणतात की जमनीनं रंगझुला पार्कात एका माणसाचा पाय मोडला. हीच बातमी कळंबला पोचते तेव्हा पाय दोन झालेले असतात. तिथं देवळाबाहेर हार विकणारी बाई डोळे मिटून सांगते, "दोन्ही पाय, माय! गुडघ्यापासून! झोळीत घालून नेला त्याले." आणि ढाणकीच्या बाजारात तर माणूस मेलेलाच असतो. मिरचीवाला आधी इकडेतिकडे पाहतो, मग आवाज खाली आणतो, "जाग्यावर गेला ना बाप्पा. आकाशपाळण्याखाली पुरला त्याले. म्हणून तर पाळणा तथी आला का कर्र करते."

पाळणा कर्र करतो तो ग्रीसावाचून. मेलं कोणी नाही आणि पाय कोणाचाच मोडला नाही. जमनीच्या हातून खरं झालं ते एवढंच: एका पार्कवेड्याचा पुढचा दात, दोघातिघांची बोटं, पुष्कळांच्या पाठी, आणि खुद्द पार्कमालकाच्या खांद्याचं हाड. "अन् ते बी इचारून मारलं," जमनी सांगते. "रिंगणात आला का बाप्पा? आला. मंग?"

जमनी पुसद रस्त्यालगतच्या बंजारा तांड्यावरची. आधारकार्डावर तिचं एक वय आहे, दातांवरून दुसरं वाटतं आणि काठी हातात आली की तिसरंच. अर्धा जन्म ऊस तोडण्यात गेला. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक यायचा. चूल, गोधड्या, कोंबड्या, पोरं सगळं त्यात चढायचं आणि होळीच्या तोंडावर परत उतरायचं. कोयत्यानं तिचा उजवा हात असा घडवलाय की तिनं मायेनं पाठ थोपटली तरी माणूस खोकतो. नवरा खेमसिंग याची डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे. "बैलानं मोडली," असं तो पाहुण्यांना सांगतो. आतून जमनी ओरडते, "बैलाचं नाव कायले खराब करता? पयल्या होळीले म्याच मोडली ना!"

त्याचं असं असतं. होळीच्या दुसऱ्या दिवशी, ज्या घरी वर्षात बाळ जन्मलं त्या घरापुढे खुंटा रोवतात. तळलेल्या सुवाळ्या आणि गुळाच्या गोल गुलगुल्यांनी भरलेला पितळी हंडा त्याला करकचून बांधतात. बायका काठ्या घेऊन भोवती उभ्या राहतात. पुरुषांनी मोकळ्या हातांनी यायचं, खुंटा उपटायचा आणि हंडा न्यायचा. ही गेर. वर्षभर जे काही बायकांच्या पोटात तुंबलेलं असतं ते त्या दिवशी पुरुषांच्या पाठीवर उतरतं. खुंटा निघाला की मार बंद. किंवा पुरुषांनी हात जोडले की बंद. मग जिनं मारलं तिनंच मार खाणाऱ्याच्या तोंडात गुलगुला भरवायचा, ही जमनीच्या तांड्याची रीत. जमनी रिंगणात असताना खुंटा निघालेला मात्र तांड्यावर कोणाला आठवत नाही. दरवर्षी हातच जोडले जातात.

हे सगळं रोशनसेठनं मोबाइलवर पाहिलं आणि तो वेडा झाला.

रोशनसेठच्या वडिलांची दिग्रसला कापसाची जिनिंग. पोरगा पुण्याला शिकून आला आणि वडिलांच्या माळावर त्यानं रंगझुला पार्क काढलं. घसरगुंड्या, पाण्याचं तळं, आकाशपाळणा, शेपूट तुटलेला डायनासोर. आता दिवाळीच्या सुट्टीसाठी त्यानं नवा भाग उभा केला, 'तांडा नगरी'. फायबरचे बैल, बैलांवर फायबरची पोती, आरशांची कमान, आणि मधोमध खुंटा. गेर खेळायला तांड्यावरच्या बायका हव्या होत्या. जमनी आली, तिची सून बबिता आली, आणखी चौघीजणी आल्या. फेटियाचा घेर, आरशांची कांचळी, कोपरापर्यंत बलियांच्या बांगड्या, सगळा साज.

जमनीनं खुंटा हलवून पाहिला. हलेना.

"सेठ, हा तं सिमेंटात रोवला?"

"मग! परवा डायनासोरची शेपटी नेली लोकांनी. हा कोणी उपटून नेला तर?"

"उपटायलेच तं असते तो!"

"मावशी, हा एक एक्सपिरियन्स झोन आहे," रोशनसेठ म्हणाला. हे वाक्य तो म्हणतो तेव्हा त्याच्या दोन्ही भुवया वर जातात आणि खाली यायला विसरतात. "उपटायची गरजच नाही. कस्टमर तीनदा येणार. तिसऱ्यांदा तुम्ही पडायचं. तो हंड्याला हात लावणार, फोटो काढणार, खल्लास."

"पडायचं मंजे?"

"म्हणजे लोळायचं. हाय हाय करायचं. कस्टमर जिंकला पाहिजे." आणि त्यानं प्रत्येकीच्या हातात फोमची काठी दिली. पिवळी, गुबगुबीत, पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या पोटाला बांधतात तसली.

"आन् हात जोडले का मार बंद, हे भोंग्यावर सांगसान ना?"

"ते नको. निगेटिव्ह वाटतं."

जमनी एरवी काठी त्याच्याच हातात परत देऊन निघाली असती. पण बबिताला सहावा महिना होता. मुकादम तांड्यावर फेऱ्या मारून राह्यला होता. जमनीची पहिली पोरगी उसाच्या फडात, पाचटावर जन्मली होती आणि तिथल्याच मातीत राहिली. पार्कातलं काम टिकलं तर बबिता या साली ट्रकात चढणार नव्हती. ते हातचं गेलं तर चढावंच लागणार होतं. म्हणून जमनी म्हणाली, "लोळतो, सेठ. कसं लोळू, डावीकडून का उजवीकडून?"

पहिल्या रविवारी गर्दी लोटली. रंगझुल्याचे वेडे थोडेथोडके नाहीत. त्यांचा एक क्लबच आहे, रंगझुला रायडर्स. सगळ्यांना काळे टी-शर्ट. म्होरक्या जीवन, दिग्रसला मोबाइलची कव्हरं विकतो आणि एकही रविवार चुकवत नाही. मोबाइल तोंडासमोर धरला की त्याचा आवाज नाकात शिरतो: "नमस्कार मित्रांनो, आज आपन आलेलो आहो तांडा नगरी या ठिकानी, तर चला मंग पाहू या आपल्याले काय काय पाहाले भेटते!"

पाहायला भेटलं ते असं. पोरं धावत आली. बायकांनी फोमच्या काठ्या हाणल्या. फुस्, फुस्. पोरं हसली. एकानं काठी हिसकून तिनंच जमनीच्या डोक्यावर टपली मारली. तिसऱ्या वेळी ठरल्याप्रमाणे बायका लोळल्या, आणि लोळलेल्या बायकांच्या अंगावरून पोरं हंड्याकडे गेली. एकाचा बूट जमनीच्या हातावर पडला. दोन बलिया फुटल्या. कोणीतरी बबिताची ओढणी धरून ओढली, ती फायबरच्या बैलावर आपटली आणि पोटावर हात धरून खालीच बसली. गुलगुले एकमेकांना फेकून मारून संपले.

एवढं करून एकाचंही मन भरलं नाही. बाहेर पडताना नागपूरचा एक जाडा म्हणाला, "काय बे हे? इससे जादा तो मेरी बायको मारती." पुण्याहून मामाकडं आलेली बाई म्हणाली, "कन्सेप्ट छान आहे हो, पण एक्झिक्युशन अगदीच हे वाटलं." आणि जीवन नाकातून म्हणाला, "तर मित्रांनो, तांडा नगरीले आपन देऊन राह्यलो पाचपैकी एक स्टार. तो बी बैलाले."

संध्याकाळी रोशनसेठनं बायकांना उभं केलं. "लोक बोअर झाले. पुढचा रविवार शेवटचा. नाही जमलं तर इथं नागपूरचा डान्स ग्रुप आणतो. आणि मावशी, जरा लवकर लोळत जा."

जमनीनं खाली पाहिलं. तिच्या मनगटावर बुटाच्या तळाची जाळी निळी उमटली होती.

"सेठ," ती म्हणाली, "लोक आमी जिंकून राह्यलो म्हणून नाही कंटाळले. आमी हरून राह्यलो म्हणून कंटाळले."

"ते माझ्यावर सोडा."

तिनं सोडलं नाही. आठवड्यात ती नाल्याकाठी गेली आणि निरगुडीच्या काठ्या तोडून आणल्या. ओल्या, अंगठ्याएवढ्या जाड, लवतील पण तुटणार नाहीत अशा. फोमच्या काठीच्या पोटात भोक असतंच. एकेक निरगुडी एकेका फोमात नीट बसली. बाहेरून पाहिलं तर तीच पिवळी, गुबगुबीत, पोरांच्या पोटाला बांधायची.

"बबिता, तू बैलामागं उभी राह्य. तुले खेळायचं नाही."

"अन् सेठनं हाकललं तं?"

"असं बी हाकलूनच राह्यला तो. लोळून गेल्यापरीस उभ्यानं जाऊ."

दुसऱ्या रविवारी रायडर्स क्लब सगळा आला, जुना हिशेब चुकवायला नव्हे, एक स्टारवाल्या खेळाची पुन्हा टर उडवायला. जीवननं मोबाइल छातीला पट्ट्यानं बांधला होता. "तर मित्रांनो, आज आपन आज्यांले परत एकदा लोळवनार आहो..."

शिट्टी झाली. जीवन पहिला धावला आणि जमनीनं पहिली काठी त्याच्या पोटऱ्यांवर ठेवून दिली.

फुस् असा आवाज आला नाही. ओल्या चामड्यावर मुसळ पडावं तसा आला. जीवनच्या चेहऱ्यावर आधी नुसतं नवल उगवलं, दुखणं मागाहून आलं. तो वाकला, तेवढ्यात दुसरी पाठीवर. तो तोंडावर पडला, खुंट्याच्या सिमेंटच्या ओट्यावर, आणि त्याचा पुढचा दात टुणकन बाहेर उडाला. छातीवरच्या मोबाइलनं हे सगळं टिपलं. दात उडताना त्यात फार सुंदर दिसतो.

"हाण बे! खुंटा धरा, खुंटा!" जीवन रक्ताळलेल्या तोंडानं ओरडला. चारपाच जणांनी खुंटा मिठीत घेतला. बायकांना आयतंच मिळालं. मिठीत घेणाऱ्यांच्या बोटांवर, कोपरांवर, बरगड्यांवर काठ्या पडू लागल्या. फोम फाटून पिवळे तुकडे हवेत उडत होते आणि आतून हिरव्या निरगुड्या बाहेर आल्या होत्या. नागपूरचा जाडा पुन्हा आला होता. तो डोकं खाली घालून रेड्यासारखा घुसला. जमनी बाजूला झाली, त्याच्या मांडीवर एक, वळला तर पार्श्वभागावर एक, पुन्हा वळला तर खांद्यावर एक. तो गुडघ्यावर आला. "अरे माँ! असली है बे! असली है!" हे तो रडत सांगत होता की आनंदानं, ते त्यालाही ठरवता येत नव्हतं.

जमनीलाही काही सुटलं नाही. एकानं तिला कमरेला धरून आपटलं. तिचं डोकं बैलाच्या फायबरच्या शिंगावर बसलं आणि भुवईतून रक्त डोळ्यात उतरलं. ती उठली, एक डोळा मिटून, आणि आपटणाऱ्याच्या मनगटावर अशी हाणली की त्याची बोटं नंतर पळीएवढी सुजली.

"कोनी दूं!" ती ओरडत होती, "कोनी दूं!" देणार नाही. बाकीच्या चौघी तिच्यामागून तेच ओरडत होत्या.

तांड्यावर एवढ्यात गेर संपली असती. खुंटा निघाला असता किंवा हात जोडले गेले असते. पण इथला खुंटा सिमेंटात होता, तो निघणं शक्य नव्हतं. आणि हात जोडले की मार थांबतो, हे त्या पोरांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यामुळे पोरं पडत होती, उठत होती, परत येत होती. कोणाचं नाक फुटलं, कोणाचा टी-शर्ट पाठीवर फाटून वळ दिसू लागले. बाहेर उभ्या आयाबाया ओरडत होत्या. अर्धं ओरडणं "वाचवा" होतं आणि अर्धं "आखीन एक!"

मग रोशनसेठ आला. "बंद करा! मावशी, लोळा! लोळा म्हणतो ना!" करत तो धावला.

जमनीनं काठी आडवी धरली. "सेठ, रिंगणाबाहेर राहा. आत आले तं मंग आमाले कोणी सेठ नाही."

रोशनसेठच्या भुवया वर गेल्या. "माझं पार्क, माझा हंडा!" असं म्हणून त्यानं आत उडी घेतली आणि दोन्ही हात हंड्याच्या काठाला घातले.

हंड्याला हात लागला. त्या बायकांच्या हातांनी मग जे केलं ते त्यांच्या मनाला विचारून केलं नाही. पाचही काठ्या एकदम आल्या. चार पाठीवर पडल्या. पाचवी, जमनीची, मान आणि खांदा यांच्या मध्ये पडली आणि तिथलं हाड कट्कन मोडलं. तो आवाज सगळ्यांनी ऐकला. भोंग्यावरचं गाणं तेवढं चालू राहिलं.

रोशनसेठ खाली पडला. दुखून त्यानं दोन्ही हात छातीशी घेतले, आणि हात छातीशी एकत्र आलेले जमनीनं पाहिले.

"बस!" ती ओरडली. "हात जोडले! गेर संपली!"

काठ्या खाली आल्या. जमनीनं हंड्यात हात घातला, एक गुलगुला काढला, आणि रोशनसेठनं किंचाळायला तोंड उघडलं त्यात भरला. मग ती जीवनकडे गेली. त्यानंही तोंड उघडलं. दात होता त्या जागेतून गुळाचा पाक आणि रक्त एकत्र ओघळलं. त्यानं चावलं, गिळलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा नाकातून न बोलता म्हणाला, "आज्जी, अजून एक देते का?"

रोशनसेठला गाडीत घालताना तो एवढंच म्हणत होता, "बंद! तांडा बंद! फायबरचे बैल विकून टाकतो!"

तक्रार कोणी दिली नाही. पोलिसापुढे उभं राहून 'आज्यांनी मारलं' असं कोणत्या तोंडानं सांगायचं, हा प्रश्न होता. पण तांडा नगरीच्या कमानीवर दोरी बांधली गेली आणि इकडे मुकादमानं सांगितलं, पुढच्या सोमवारी ट्रक लागतो. बबितानं गोधड्या बांधायला काढल्या. भुवईला हळद दाबलेली जमनी तिच्याकडे पाहत बसली. खेमसिंग म्हणाला, "लोळली असती तं काय झालं असतं?" जमनीनं त्याच्याकडे पाहिलं फक्त. त्यानं डावा हात पाठीमागं नेला.

त्या आठवड्यात जीवनचा व्हिडिओ घराघरात पोचला आणि पार्कवेड्यांना कंठ फुटला. काहींचा आवाज चढला: "अशा बायांवर गुन्हा दाखल झाला पाह्यजे! माह्या पोराचं बोट पाहा!" खाली त्याच पोराचं उत्तर, "मम्मी, गप बस ना व." नागपूरचा जाडा पाठ उघडी करून वळ दाखवत होता, जणू लग्नाचे फोटो दाखवतोय: "ये देख, ये जमनी आजी का. ये भी आजी का." पुण्याच्या बाईनं लिहिलं, "हेल्मेट दिलं असतं तर मीही आत गेले असते." रायडर्स क्लबनं जाहीर केलं की तांडा बंद झाला तर पाळण्यात कोणी बसणार नाही. पण मोबाइलवर बोलणं आणि सुजलेल्या पाठीनं परत येणं यात फार अंतर असतं. रोशनसेठनं गळ्यात हात लटकवूनच निरोप धाडला: रविवारी सकाळी कमानीपुढे माणसं दिसली तर पाहू; नाहीतर बैल न्यायला टेम्पो सांगून ठेवलाय.

शनिवारी तांड्यावर या ओळी लिहिणारी गेली होती, जमनीचा आवाज नीट कानात घ्यायला. तेव्हा पैज लागली. लिहिणारीचं म्हणणं, ज्याचा दात पडला, बोट मोडलं, पाठ सोलली, त्यातला एकही उद्या येणार नाही. जमनी बटाट्याएवढी सुजलेली भुवई वर करायचा प्रयत्न करत म्हणाली, "सगळे येतील. अन् आपल्या मायबहिणींले घेऊन येतील. हरली तं काय करशील?" लिहिणारीनं छातीवर हात मारून सांगितलं, "डोक्याले गड्यावानी पागोटं बांधीन अन् मार खायले एकटी रिंगणात येईन."

रविवारी सकाळी रांग कमानीपासून डायनासोरपर्यंत लागली होती. सगळ्यात पुढे जीवन, दाताच्या खिडकीतून हसत, आणि त्याच्या शेजारी त्याची आई, पदर खोचून. तिला हंडा नको होता, फोटो नको होता. "मले काठी द्या," ती म्हणाली. "याचा बाप मागं उभा हाय रांगेत. त्याले आत येऊ द्या फक्त." तिच्यामागं अशा कितीतरी.

रोशनसेठनं मोडक्या खांद्यानं ती रांग पाहिली. त्याच्या भुवया वर गेल्या आणि या वेळी हळूहळू खाली आल्या. टेम्पो रिकामा परत गेला. जमनीनं तिथंच दोन गोष्टी वदवून घेतल्या: सिमेंट फोडायचं आणि खुंटा मातीत रोवायचा, आणि हात जोडले की मार बंद, हे भोंग्यावर दर वेळी सांगायचं. कुदळीनं ओटा फोडला तेव्हा टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी ट्रक तांड्यावरून निघाला तेव्हा बबिता दारात उभी राहून हात हलवत होती. पण ते दुसऱ्या दिवशी.

त्या रविवारी, खुंट्याभोवतीची माती पायांनी दाबून झाल्यावर, जमनीनं रांगेला हातानं थांबवलं. खेमसिंगचं पागोटं तिनं घरून आणलं होतं. ते लिहिणारीच्या डोक्यावर तिनं स्वतः बांधलं, हनुवटीखाली गाठ मारली, आणि जीवनच्या आईच्या हातात एक ओली निरगुडी दिली.

"पयली तू हाण, बाई," ती म्हणाली. "हे पैज हरून आली हाय."